हाका मला ऐकू येत होत्या

या सदरातले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते... खरं सांगायचं तर हसायलाच वाचायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. गावच्या तिठ्यावर कोणी लिंबू उतरवून टाकलं की ते उचलून शाळेत न्यायचं, धुवायचं, आणि पोरांसमोर त्याचं सरबत करून प्यायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. सासूबाई त्यावरून अजूनही बोलतात. तेव्हा मी कशातली बाई आहे हे लक्षात आलं असेल. तरीही हे लिहिते आहे, कारण ते माझ्याच बाबतीत घडलं. आणि भर दुपारी घडलं.

२००९ सालचा हिवाळा. आमच्या गोंदिया जिल्ह्यात शिक्षकांचं एक निवासी संमेलन भरलं होतं. शाळेच्या चार भिंतींबाहेरचं शिक्षण हा विषय... जंगल, शेत, तलाव आणि गावातली आदिवासी माणसं यांच्याकडून मुलांनी कसं शिकावं, आणि आपण मास्तरांनी मधे लुडबुड न करता ते कसं होऊ द्यावं. भंडारा, गडचिरोली, तिकडे राजनांदगावहूनसुद्धा लोक आले होते. जागा देवरीच्या पुढे, चिचगडच्या रस्त्यावरून आत फुटणारं एक गोंड गाव. हायवेवर बस सोडायची आणि जीपने आत जायचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. मुक्काम एका शाळेच्या इमारतीत होता. मागच्या हातपंपापलीकडे लगेच जंगल.

मी दवनीवाड्याची. घरी धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होती, आणि माझी परी चार वर्षांची. तिला सोडून मी पहिल्यांदाच मुक्कामी निघाले होते, त्यात तिला खोकला. नवरा म्हणाला होता, "झाडंच पाहायची आहेत तं बांधावर काय कमी आहेत का?" तरी गेले. सोबतीला माझ्याच शाळेतली कुंदा होती, म्हणून धीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले सलामेबाबा आम्हाला जंगलात घेऊन गेले. झाडं, पक्ष्यांची घरटी, अस्वलाने पोखरलेली वारुळं असं बरंच पाहिलं. मग संमेलन भरवणारे रहांगडाले सर म्हणाले, "आता प्रत्येकानं एकेक झाड धरा. शिट्टी वाजेपर्यंत बसा. बोलायचं नाही, मोबाईल नाही. बस, ऐका." मुलांकडून जे करवून घ्यायचं ते आधी आपण करून पाहायचं, असा त्यांचा नियम. मी माझा मोबाईल कुंदाकडे दिला. ती सरांच्या मदतीला वाटेवरच थांबणार होती.

मी वाटेपासून जवळच एका ऐनाच्या झाडाला पाठ टेकून बसले. डोळे मिटले. सुतारपक्ष्याची टकटक, वाळलेल्या पानांतून काहीतरी सरपटलं ते, लांब हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न. पण मन सगळं परीच्या खोकल्यात. सासूबाईंनी रात्री छातीला तेल लावलं असेल का, हेच डोक्यात. झोप वगैरे अजिबात नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

शिट्टी वाजली. उठले, साडी झटकली, वाटेकडे निघाले. सगळे जमलेले दिसत होते. सर नावं घेत होते.

"वर्षा मॅडम?"

"हो सर, आले."

"वर्षा मॅडम!"

"आले आले."

सरांनी मान वर केली आणि माझ्याच दिशेला पाहिलं. नुसतं पाहिलं. मग कुंदाला म्हणाले, "कुठं बसल्या होत्या त्या?"

कुंदाने बोट दाखवलं. बरोबर माझ्या झाडाकडे.

मला वाटलं गंमत करताहेत. मी हात हलवला. हसतसुद्धा होते. पण चालत राहिले तरी ती माणसं जवळ येईनात. माझे पाय उचलत होते, पानं वाजत होती, आणि मधलं अंतर तेवढंच. पळाले तरी तेवढंच. मग ते सगळे "मॅडम... वर्षाताई..." अशा हाका मारत पांगले आणि मी प्रत्येक हाकेला ओ देत राहिले. घसा दुखायला लागला माझा. एक मास्तर तर माझ्या अंगावरच चालून आल्यासारखा आला, आणि कसा कोण जाणे, बाजूने निघून गेला. त्याच्या शर्टाची तुटलेली गुंडी दिसली मला. त्याला मी दिसले नाही.

भीती एकदम नाही आली. आधी चिडचिड झाली. मग मी मेले की काय, हा विचार आला, आणि त्याच्या मागोमाग परी... आता तिला कोण सांगेल, काय सांगेल. मी मटकन खाली बसले.

तेवढ्यात कुंदा एका मोठ्या दगडावर चढताना दिसली. दोन्ही मोबाईल हातात, रेंज शोधत होती. माझा फोन वाजला. तिने नाव पाहिलं, कपाळावर हात मारला, आणि आवाज अगदी गोड करून म्हणाली, "हां भाऊजी! वर्षा सेशनमधी आहे ना... हो, जेवली. परी रडून राहिली का? तिला सांगा, आई मोरपीस घेऊन येऊन राहिली तुझ्यासाठी." फोन ठेवला आणि तिथेच उकिडवी बसून रडायला लागली. तिच्याजवळ कोणी नव्हतं. मी मात्र शब्द न् शब्द ऐकत होते आणि ओरडत होते, "कुंदे, मी इथं आहे ग!"

खाली रहांगडाले सर कोणाला तरी सांगत होते, "पोलिसात कळवावं लागते. ये इलाका ठीक नहीं है, आणि बाईमाणूस आहे." 

आणि त्याच वेळी माझ्या शेजारून कोणीतरी बोललं.

"बाई, लाल बैल दिसला का वो इकडं? एका शिंगाचा?"

पंचवीस-तीस वर्षांचा माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, काळीभोर मिशी, खांद्यावर दावं. मी रडत होते, तरी पहिल्यांदा मनात काय आलं असेल? की ह्याला मी दिसते! मी त्याला म्हटलं, "दादा, त्या लोकांना सांगा ना, मी इथं आहे म्हणून. माझं कोणी ऐकतच नाहीये."

तो कुंदाकडे पाहून म्हणाला, "आज कोणीच बोलून नाही राहिलं जी. मी सकाळपासून बैल पाहून राहिलो. इतके लोकं गेले इकडून, कोणी ओ नाही देत. काऊन असं करून राहिले, काय मालूम."

घाबरलेला वाटत नव्हता. वैतागलेला वाटत होता, उशीर झालेल्या माणसासारखा. पुढे म्हणाला, "माही बायको वाट पाहत असन. गावाकडं गेल्या तं सांगजा, बैल भेटला का येतो मनून."

मी काही बोलणार, तेवढ्यात समोरून कुंदा येताना दिसली. ह्या वेळी अंतर कमी होत होतं. ती झाडाच्या मुळीला ठेचकाळली, तोल सावरायला तिने हात बुंध्याकडे टाकला, आणि तो माझ्या खांद्यावर पडला.

कुंदा अशी किंचाळली की सगळं जंगल गोळा झालं.

मी त्याच ऐनाच्या झाडाला पाठ टेकून बसलेली होते. साडीवर मुंग्या चढल्या होत्या. उन्हं पार कलली होती, तिकडे जेवणं थंड होऊन गेली होती. मला फार तर अर्धा तास वाटला होता. कुंदा सगळ्यांना एकच सांगत होती, "मी ह्या झाडापाशी कितीदा आली! इथं बसून पाणी पेली मी! इथं कोणी नव्हतं!"

मला शाळेत आणलं, साखरपाणी दिलं. रहांगडाले सर म्हणाले, "चक्कर आली असेल मॅडम, बीपी लो झाला असेल." मलाही तेच हवं होतं. मी मान डोलावली. मग कुंदाकडे पाहून विचारलं, "तू परीला मोरपीस कबूल केलंस ना?"

कुंदाच्या हातातला ग्लास खाली पडला.

मग मी सगळं सांगितलं. दावंवाल्या माणसाचंही. ओसरीवर गावातली चार माणसं बसली होती, ती जवळ सरकली. सलामेबाबांनी विचारलं, "बैल कोणता म्हणे?"

"लाल. एका शिंगाचा."

बाबा मग हळू आवाजात बोलले. "आमच्या इकडं म्हणतात, भुलनवेल रायते. तिच्यावर पाय पडला का माणूस भुलते. दुसऱ्याचा हात लागला का सुटते. आमी आयकतच आलो, बाई. वेल कोणती, ते मलेबी मालूम नाही. दाखव म्हणसान तं नाही दाखवता येत." मग म्हणाले, "हा सोमजी होय. मी तवा बिनलग्नाचा होतो. बैल पाहाले गेला, तो गेलाच. बैल आला संध्याकाळी, आपल्या पायानं. सोमजी नाही आला."

"वाघानं..." कोणीतरी म्हणालं.

"हाडूकबी नाही भेटलं," बाबा म्हणाले.

कदाचित ही गोष्ट आधल्या दिवशी कोणी बोललं असेल आणि माझ्या कानावर पडली असेल, म्हणून मी एकेकाला विचारलं. पाहुण्यांपुढे गावात कोणी हे बोलतच नाही, असं कळलं.

दिवेलागणीच्या आधी एक बाई आली. केस पांढरे, हातात गिलटाची कडी. रामबती, सोमजीची बायको. तिने दुसरं लग्न केलं नव्हतं. लोकांनी पाट लावायचा किती आग्रह केला, पण तिचं म्हणणं एकच... मेला असं कोणी पाहिलं का? ती माझ्यासमोर बसली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "काय म्हणे तो?"

मी निरोप सांगितला. बैल भेटला की येतो.

ती रडली नाही. "बैल तं तवाच आला होता," एवढंच म्हणाली. "त्याले कोणं सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी संमेलनाचं कुठलंच सत्र झालं नाही. उजाडल्यावर सगळं गाव निघालं, मागे आम्ही सगळे मास्तर-मास्तरणी. त्या ऐनाच्या झाडापासून लोक रांगेत पसरले, आणि दोन्ही हात पुढे करून, आंधळ्यासारखे चाचपत चालू लागले. बाया, म्हातारे, पदवीधर शिक्षक, सगळे. रहांगडाले सरसुद्धा. कोणी हसलं नाही. प्रत्येक बुंध्याला, झुडपाला, मोकळ्या हवेला हात लावत आम्ही नाल्यापर्यंत गेलो आणि परत आलो. रामबती सगळ्यांच्या पुढे होती. "बैल घरी आला जी, चला आता," असं ती अधूनमधून साध्या आवाजात बोलत होती, घरात कोणाला जेवायला बोलावतात ना, तसं.

माझे हात पुढे होते, पण मी मनातून प्रार्थना करत होते की माझ्या हाताला काही लागू नये. कोणाच्याच हाताला काही लागलं नाही.

पुढे गोंदियाच्या डॉक्टरांना दाखवलं. डोक्याचा फोटो काढला, सगळं नॉर्मल. ताणामुळे असं होऊ शकतं, भास होतात, म्हणाले. मी विचारलं, भासात दुसऱ्याचा फोन ऐकू येतो का? ते म्हणाले, तुम्हाला नंतर कळलं असेल आणि मनानं ते मागे जोडलं असेल. कुंदा शेजारीच बसली होती. ती आजही त्या विषयावर बोलत नाही.

मी अजून विज्ञानच शिकवते. वेल, मेंदू, भास, योगायोग, सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. प्रत्येक वेळी एक काहीतरी उरतंच. तुमच्यापैकी कोणाला ते बसवता आलं तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

पण एक राहिलंच. आम्ही निघालो त्या दुपारी जीप सुरू झाली होती आणि रामबती धावत आली. जीपच्या दांड्याला धरून तिने मला विचारलं, "मॅडम, तो म्हातारा दिसून राहिला होता का जवान?"

"जवान," मी म्हटलं. "मिशी काळी होती."

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पांढरे केस झाकले. मग इकडंतिकडं पाहून, नव्या नवरीसारखं लाजत, अगदी हळू म्हणाली, "मंग तो मले वळखन का जी?"

मी "हो" म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही.