गोळीच्या बुडाची झालर

दसरा नुकताच झाला होता आणि पळस्प्याजवळच्या आमच्या शेतात भात कापणीला आलं होतं. रोज संध्याकाळी डुकरं उतरायची... डोंगराकडची खाचरं त्यांनी पार लोळवून टाकली होती. गोष्ट साठ-एक वर्षांपूर्वीची आहे. ऐंशी ओलांडलेली बाई फेसबुकवर बंदुकीचं लिहितेय म्हणून हसायचं असेल तर हसून घ्या.

आमच्याकडे लायसनची ठासणीची बंदूक होती. गोळ्या आमचे हे घरीच ओतायचे, परसातल्या चुलीवर शिसं वितळवून. लोखंडी साचा, त्याच्या तोंडावर फिरणारी पट्टी, आणि पट्टीच्या भोकातून शिसं आत ओतायचं.

त्या दिवशी मात्र प्रत्येक गोळीच्या बुडाला पातळ झालर यायला लागली. शिसं पट्टीखाली पसरत होतं. ह्यांनी गोळ्या पुन्हा वितळवल्या, साचा तापवला, निववला, पट्टीचा स्क्रू आवळला... झालर तशीच.

राग ह्यांच्या नाकाच्या शेंड्यावर. चुलीला शिव्या, शिशाला शिव्या, चहा आणला म्हणून मलाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, खरं सांगते, मला त्यांची भीतीच वाटायची.

शेवटी त्यांनी एका गोळीची झालर सुरीने खरवडली आणि उन्हं कलताना शेतावर निघाले. मागोमाग सासूबाई आणि मी.

बांधावर त्यांनी नळीत दारू भरली, गजाने गोळी ठासली... आणि ती मधेच अडकली. खरवडताना बुडाला कुठेतरी कंगोरा राहिला असणार. खाली जाईना, वर येईना.

तळाला दारू, मधे पोकळी, वर गोळी... असा बार काढला तर नळी फुटते, हे त्या घरात येऊन मलाही कळलं होतं. शेजारच्या गावात एकाचा डोळा असाच गेला होता.

तेवढ्यात समोरचं भात हललं. डुकरं आली होती. आणि ह्यांनी तशीच बंदूक खांद्याला लावली...

सासूबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. आवाज मुळीच चढवला नाही.

"भात पुढल्या साली येल. तू नाय येनार."

ह्यांनी बंदूक खाली केली. आमच्या डोळ्यांदेखत डुकरं खात राहिली आणि आम्ही तिघं बघत राहिलो.

सकाळी नळीच्या मागच्या भोकातून पाणी ओतून दारू भिजवली, गोळी काढली. मग ह्यांनी साचा खोलला. पट्टीच्या खाली स्क्रूपाशी जळून काळं पडलेलं कुंकू चिकटलं होतं, आणि त्यात अक्षतांची एक बारीक कणी. पट्टी त्यामुळे नीट बसतच नव्हती.

खंडेनवमीला सासूबाईंनी बंदुकीबरोबर साच्याचीही पूजा केली होती, अगदी मनोभावे... मुलाला काही होऊ नये म्हणूनच.

त्या चुलीपाशीच बसल्या होत्या. "काय गावलं रं?" त्यांनी विचारलं. कालचा सगळा राग आता त्या माउलीवर निघणार, अशी माझी खात्री होती.

ह्यांनी नखाने ती कणी काढली आणि मुठीत मिटून घेतली. "काय नाय आये, पट्टी गंजली हाय," एवढंच म्हणाले आणि साचा पुसत बसले.

त्या सकाळी मला हा माणूस आवडला. लग्न आधीच झालं होतं, एवढंच.