जड स्टिअरिंग आणि एक सॉरी
ग्रीसचा वास आला की परदेशातल्या, वेंटवर्थव्हिलच्या त्या गॅरेजमधली तापलेली दुपार आठवते. पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, गॅरेजकाम शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना फुकट राबल्याच्या तासांवर मालकाची सही लागायची, आणि हा मालक तर आपलाच, पुण्याचा. एका जुन्या स्पोर्ट्‌स कारचं स्टिअरिंग जड झालं होतं. "ग्रीस मारायला विसरलीस ना गं?" तो गिऱ्हाइकासमोरच ओरडला. मी मारलं होतं! मी पुढची चाकं जॅकवर उचलली. स्टिअरिंग तरीही जडच, म्हणजे दोष टायरांचा नव्हता. मग चाकांना जोडणारे दोन्ही सांधे सोडवले. चाकं हाताने सहज वळली, स्टिअरिंग मात्र तेवढंच जड. म्हणजे दोष स्टिअरिंग आणि चाकांच्या मधल्या दातेरी दांड्यात, रॅकमध्ये, आणि रॅकचा नट आदल्या दिवशी त्यानेच आवळला होता. "काका, नट जास्त आवळलाय," मी हळूच म्हणाले. "सही हवीय ना? मग गप." त्याने नट पाव फेरा सैल केला, स्टिअरिंग अलगद फिरलं, आणि तो गिऱ्हाइकाला इंग्रजीत म्हणाला, "पोरगी नवी आहे, ग्रीस विसरली, मेट." गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं. मी "सॉरी" म्हणाले. आज मी युनिव्हर्सिटीच्या गेटवर, असं फुकट राबणाऱ्या विद्यार्थ्यांना, "तोंड उघडा" असं छापलेली पत्रकं वाटते. त्यांतल्या एकातही ते सॉरी मी अजून लिहिलेलं नाही.