पूर्णिमाताईंचा अ‍ॅडॅप्टर

वैजनाथ मूळचा यवतमाळकडचा. हिंजवडीच्या एका कंपनीत सहा वर्षं नेटवर्क सांभाळत होता, तेही कंत्राटावर. हुशार होता, हे नाइलाजाने कबूल करायला हवं. त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. दर पाच मिनिटांनी तो ऑफिसच्या नेटवर्कवरच्या प्रत्येक पत्त्याला हाक मारी, 'कोण आहे?' उत्तर म्हणून प्रत्येक यंत्र कारखान्यातून मिळालेला आपला बारा अक्षरांचा क्रमांक सांगे, आणि कंपनीच्या वस्तूंच्या रजिस्टरात तो क्रमांक ज्याच्या नावावर असेल त्याचं नाव पडद्यावर येई आणि वेळेसकट नोंदून राही. त्याचे वरिष्ठ दिग्विजयसाहेब आल्यागेल्या पाहुण्यांना हे कौतुकाने दाखवत. केलं कोणी, ते सांगायचं मात्र विसरत.

मार्चमधल्या एका सोमवारी वैजनाथचं डोकं फिरलं. कंत्राटी माणसांना वर्षानुवर्षं राबवतात, कायम करत नाहीत, सणाच्या सुट्ट्याही गिळतात, असं निनावी पत्र त्याने लिहिलं, तिसऱ्या मजल्यावर छापलं आणि कँटीनच्या फलकावर लावलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. रागाच्या भरात गडी स्वतःचाच प्रोग्राम विसरला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यालाच बोलावलं.

"पत्र ज्या यंत्रावरून छापलं, त्याचा पत्ता प्रिंटरच्या नोंदीत सापडलाय. तुझा तो प्रोग्राम बघ आणि मला नाव दे. मग तुला कायम करायचं माझ्याकडे लागलं."

साहेब पाठीमागे उभे. वैजनाथने पत्ता टाइप केला. त्याने एंटर दाबलं. नाव आलं, पूर्णिमा.

क्षणभर त्यालाच काही कळेना. मग आठवलं. सोमवारी वायफाय बंद होतं. त्याच्या पातळ लॅपटॉपला वायर लावायला जागाच नव्हती, म्हणून पूर्णिमाताईंचा अ‍ॅडॅप्टर त्याने मागून आणला होता. वायर अ‍ॅडॅप्टरला लावली की नेटवर्कला क्रमांक दिसतो तो अ‍ॅडॅप्टरचा, आणि अ‍ॅडॅप्टर रजिस्टरात ताईंच्या नावावर. अख्ख्या इमारतीत हे एकट्या वैजनाथला ठाऊक होतं. वस्तू अजून त्याच्याच ड्रॉवरमध्ये पडली होती.

पूर्णिमाताई टेस्टिंगमध्ये होत्या, त्याही कंत्राटावरच. कात्रजहून दोन-दोन तास बसने यायच्या. वैजनाथ पुण्यात नवा होता तेव्हा त्यांनी आठ महिने त्याच्यासाठी डबा आणला होता.

"वैजनाथ, सोमवारी तूच घेऊन गेलास ना रे अ‍ॅडॅप्टर? सांग ना यांना," साहेबांनी केबिनमध्ये बोलावल्यावर त्या म्हणाल्या.

वैजनाथने रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. "ताई, सही तुमची आहे."

"यंत्राचं तुमच्याशी काही वैर आहे का मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"आठ महिने जेवलास रे माझ्या हातचं," एवढंच त्या म्हणाल्या. सिक्युरिटीवाल्याने त्यांना सगळ्यांच्या देखत गेटपर्यंत नेलं. वैजनाथ पडद्याकडे बघत बसला. अशा माणसाच्या मुस्काटात मारायला कोणीतरी हवं होतं, पण तिथे कोणी नव्हतं.

एप्रिलमध्ये तो कायम झाला. ताईंचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, मात्र अडलं. कंपनीची एक वस्तू परत आलेली नाही, असा शेरा होता, आणि खाली सही वैजनाथची.

जूनमध्ये स्पृहा नावाची मुलगी नव्याने लागली. तिला अ‍ॅडॅप्टर हवा होता. वैजनाथने ड्रॉवर उघडला, तोच तिच्या हातावर ठेवला आणि रजिस्टरातलं जुनं नाव पुसून नवं घातलं. तेवढ्यात फोन वाजला.

"वैजनाथ, पूर्णिमा बोलतेय. खराडीला नोकरी मिळतेय, पण लेटरसाठी उद्यापर्यंतच थांबणार आहेत. अ‍ॅडॅप्टर कुणाकडे होता, मी विचारणार नाही. नुसतं सापडला म्हणून लिहून दे."

लिहिलं असतं, तर कुठे सापडला हे कोणीतरी विचारलं असतं. समोर स्पृहाने वायर जोडली. पडद्यावर तोच बारा अक्षरांचा क्रमांक उमटला आणि त्यापुढे तिचं नाव.

"नाही हो ताई," वैजनाथ म्हणाला, "अजून शोधतोच आहे."