सुपारीएवढ्या चेहऱ्यावरचा रंग

वकीलसाहेबांनी मूर्ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि म्हणाले, रंग उजळ करा.

मूर्ती त्यांच्या मुलीची, शालूची. प्लास्टरची, बसलेली, वीतभर उंच. एकोणिसाव्या वर्षी विषमज्वरानं गेली ती. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. मी तेव्हा शिवाजी पेठेतल्या एका मूर्तीच्या कारखान्यात रंगारी होतो.

फोटो काळा-पांढरा. त्यातून कांती कळत नाही. म्हणून मी तिच्या आईला बोलावून घेतलं होतं. आधी गडद रंगाचा एक हात दिला. त्यावर टर्पेंटाइननं पातळ केलेला रंग, एकावर एक थर. प्रत्येक थर किंचित उजळ, आणि तोही गाल, कपाळ, नाकाचा शेंडा अशा उंच जागीच. दोन शेड मिळतात तिथली कड ओलसर ब्रशनं विरवायची, याला आम्ही ब्लेंडिंग म्हणायचो. एक थर वाळला की आई राजारामपुरीतून येत, बघत, मान हलवत. सहाव्या थराला म्हणाल्या, "हीच."

हे सगळं मी वकीलसाहेबांना सांगितलं.

"तीन ठिकाणांहून नकार आला तिला, या रंगापायी," ते म्हणाले. "आता तरी गोरी राहू दे."

ते गेल्यावर कारखान्याच्या मालकांना जाऊन अडचण सांगितली. गडदावर उजळ रंग पातळ लावला तर राख फासल्यासारखा दिसतो. जाड लावावा, तर सुपारीएवढ्या चेहऱ्यातल्या पापण्या बुजतात, ओठांची कड जाते. शिवाय आईंना काय सांगायचं, असंही विचारलं.

"ऑर्डर वकिलांची हाय," मालक म्हणाले. "पोरगी बी त्यांचीच. तू रंग लाव की."

लावला. जाड लावला. पंधरा दिवसांचं काम एका सकाळी झाकून टाकलं.

मूर्ती न्यायला दोघं आले. आईंनी ती हातात घेतली, वळवून बघितली आणि नवऱ्याला नाही, मला विचारलं, "ही कोण म्हणायची?"

व्हार्निश अजून ओलं आहे, जपून न्या, एवढंच मी बोललो. त्यांनी मूर्ती टेबलावर ठेवली आणि जाऊन टांग्यात बसल्या. वकीलसाहेबांनी ती कागदात गुंडाळून नेली. फिनिश चांगली आली, असं मालक म्हणाले.

त्यानंतर कुणाचीही मूर्ती आली की फोटो मी नंतर मागायचो. आधी विचारायचो, पसंत कोण करणार?