मैदानातलं लग्न

माझं लग्न खरं तर दादरच्या एसी हॉलमध्ये ठरलं होतं. लालबागच्या आमच्या चाळीतल्या कुठल्याच मुलीचं तोवर तसं झालं नव्हतं, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होते.

संपात बाबांची गिरणी बंद पडली ती कायमचीच. पुढे तिथे मॉल उभा राहिला. मॉल आणि चाळ यांच्या मधलं मैदान आराखड्यात खेळासाठी राखीव होतं. मॉलवाल्यांना तिथे दुकानं आणि पार्किंग हवं होतं. जागा ओसाड पडलीय, कुणी वापरत नाही, तेव्हा आरक्षण उठवा, असा त्यांनी पालिकेकडे अर्ज केला. सुनावणीत बाबा तावातावाने बोलले. अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी स्वतः येऊन बघते," म्हणाल्या. त्यांनी दिलेली तारीख नेमकी माझ्या लग्नाची निघाली.

बाबांचा चेहराच उतरला. सगळी चाळ दादरला, आणि बाईंना दिसणार रिकामं मैदान! तारीख बदलून मिळेना. बाबांचं जेवणावरूनही लक्ष उडालं, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, लग्न इथेच करूया."

"खुळावलंस काय गो?" आई कडाडली. "हॉल सोडून हय धुळीत?"

होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. तो शिवडीचा, गोदामात कामाला. भीतभीतच विचारलं, तर हसायला लागला. "बरंच झालं. आमची माणसं त्या हॉलमध्ये मावणार नव्हतीच."

लग्नाच्या सकाळी बाई आल्या तेव्हा मांडव गच्च भरला होता. सोबत मॉलचा मॅनेजर. तो लगेच म्हणाला, "मॅडम, हे सगळं आज तुम्हाला दाखवायला उभं केलंय. एरवी इथे कुत्रं फिरकत नाही."

मी मुंडावळ्या सावरत उठणार, एवढ्यात आईच पुढे झाली. लोकांसमोर कधी तोंड न उघडणारी माझी आई.

"बाई, माझंपण लग्न ह्याच जागेत झालं. गिरणीचा भोंगा वाजला आणि आम्ही हार घातले."

"माझंपण!" शेजारच्या काकू ओरडल्या. मग मागून एक हात वर झाला, आणखी एक. बघता बघता मांडवातल्या अर्ध्या बायकांनी हात वर केले होते.

"आणि एरवी काय असतं इथे?" बाईंनी मला विचारलं.

"मी खो-खो इथेच शिकले, मॅडम. आत्ता मांडव आहे म्हणून पोरं गप्प बसलीत."

बाई हसल्या. जेवायला थांबल्या नाहीत, पण मंगलाष्टकांपर्यंत थांबल्या. कुणीतरी मॅनेजरच्याही हातात अक्षता दिल्या. बिचाऱ्याला टाकाव्या लागल्या.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी माहेरीच होते. बाबा रस्त्यातूनच ओरडत आले, "अर्ज फेटाळला! मैदान आपलंच!" जिन्यावर एकच धडधड झाली. कुणी ढोल काढला, कुणी लेझीम. बाबा पहिल्या रांगेत नाचत होते. संपानंतर त्यांना असं नाचताना मी पाहिलंच नव्हतं. आईने पदर खोचला, माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि भर मैदानात फुगडीला सुरुवात केली.

"जिंकलंव गो!" ती गरगर फिरताना ओरडत होती. "जिंकलंव!"