पिशवीबाहेर आलेली किनार

चित्रकथांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला मी आयुष्यात पहिल्यांदाच गेले होते. तिथे जो तो आपल्या आवडत्या पात्राच्या वेशात येतो. दाराशीच साठीचे एक गृहस्थ पुठ्ठ्याचे भलेमोठे पंख लावून उभे होते. एका पंखाचा पट्टा तुटला होता.

"ताई, जरा धरता का?" त्यांनी सहज विचारलं. मी पंख धरला आणि ते पट्ट्याला गाठ मारू लागले.

"तुम्ही कोण होणार आज?"

"मी? छे! भाचीला घेऊन आलेय."

मला भाचीच नाही. खांद्यावरच्या पिशवीत माझ्या लाडक्या जादूगारणीचा निळा झगा होता, खोलीचं दार लावून मीच शिवलेला. लोक हसतील म्हणून लाज वाटते, अशी माझी इतके दिवस समजूत होती. इथे तर कुणीच हसत नव्हतं. ज्याचं त्याचं वेड ज्याच्या त्याच्या अंगावर उघडं होतं, आणि साध्या कुर्त्यातली मीच तेवढी सोंग घेऊन उभी होते.

पंख नीट बसला. मग त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. झग्याची चांदण्यांची किनार बाहेर आली होती. मी ती घाईघाईनं आत कोंबली.

"भाचीला सांगा," ते हळूच म्हणाले, "टाके फार सुरेख घातलेत."