फोटोतलं नाक

लहानपणी पडले, तेव्हा नाकाच्या आतल्या पडद्यात रक्त साकळलं, त्याचा पू झाला आणि तिथली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, विरघळली. नाक मधोमध बसलं. पुढे चष्मा लागला, तो टिकेना. मारेगावला बातमीदारी करताना मी तो डोक्यामागून रबरी पट्टीने बांधत असे. लिहायला मान खाली घातली की तरीही ओठापर्यंत घसरे.

लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढला. इकडचे स्टुडिओवाले न विचारता रंग उजळतात. आमच्या स्टुडिओवाल्याने नाकाचा दांडाही उभा केला. आईला फोटो फार आवडला. तो बोरी अरबच्या एका घरी गेला आणि ते लोक पाहायला आले. मी पोहे देऊन समोर बसले. मुलाच्या आत्याने थोडा वेळ वाट पाहिली.

"आता पोरीले बोलवा ना."

"हेच तर पोरगी होय," माझी मावशी म्हणाली.

"मंग फोटोत कोन आहे?"

पोहे संपवून ते गेले. निरोप आला: नाक करून घेणार असाल तर कळवा.

घरात याला होकार समजलं गेलं. यवतमाळच्या प्लास्टिक सर्जनच्या टेबलावर मावशीने तोच फोटो ठेवला. "डाक्टरसाहेब, अस्संच पाह्यजे."

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एवढी उंची आणि सरळपणा तयार सिलिकॉनने येईल, ऑपरेशनही लहान. पण माझी त्वचा ताणलेली होती, आत पू होऊन ते बाहेर येण्याचा धोका होता. दुसरा मार्ग बरगडीच्या कूर्चेचा. ती स्वतःचीच असते. पण छातीवर व्रण राहतो आणि पुढे ती थोडी वाकू शकते.

"छातीवर डाग कायले? सिलिकॉनच टाका," मावशी म्हणाली.

मी पट्टी सोडून चष्मा घातला. तो घसरला. उचलून फोटोवर ठेवला.

"हा टिकला पाहिजे. बरगडीचंच करा. फोटो पाहू नका."

"अन् ते पावणे?" आईने विचारलं.

"त्यायनं फोटोशी लग्न करावं."

"पाहा डाक्टरसाहेब, अशी बोलते," मावशी म्हणाली. संमतीपत्रावर मी सही केली.

सूज उतरली तेव्हा दांडा किंचित डावीकडे वाकलेला होता.

"वाकडं झालं व माय," आई म्हणाली. "पुन्हा करून घेऊ."

"राहू दे."

बोरी अरबहून नवा फोटो मागवला गेला. मी त्याच स्टुडिओत गेले, चष्मा घालून समोरून फोटो काढला आणि कंप्युटरशेजारी उभी राहिले. स्टुडिओवाल्याने सवयीने माऊस नाकावर नेला.

"ताई, एका मिनिटात सरळ होते."

"हात लावू नका."

फोटो मीच पाठवला. उत्तर आलेलं नाही. हे मी मान खाली घालून लिहिते आहे आणि रबरी पट्टी कुठे ठेवली, ते आठवत नाही.